मळ्यातल्या दगडाचा निवद

चिंचमाळ, ता. वाशी
५ सप्टेंबर २०२२

चि. रणधीर,

आशीर्वाद. हरणाक्काला माझा नमस्कार सांग. तुझी आज्जी असली तरी माझी आधी थोरली चुलतबहीण हाय, तवा तिला नीट जप.

तुझं कार्ड मिळालं. फोन केला न्हाईस ते बरं केलंस. फोनवर मला नुसती भुणभुण ऐकू येती. अन् तोंडी बोललेलं माणूस दुसऱ्या दिशी फिरवतंय. लिवून दिलं की पाय अडकतो. तू पेपरात हायस, तुला हे ठावं असंल.

मळ्यातल्या दगडाची कथा काय म्हणून इचारलंस. कथाबिथा काय न्हाय. रझाकाराच्या टायमाला आमच्या घरची माणसं बार्शीच्या हद्दीकडं निघाली व्हती. वढ्यापाशी गोळी आली. त्यानं ती खांद्यावर घेतली पर थांबला न्हाय. माणसं पल्याड पोचवली अन् मंग बसला. बसला त्यो उठला न्हाय. घरचा जीव. पुढं हाडं आणून मळ्यात पुरली, वर दगड बसवला.

दर पोळ्याला निवद असतो. आधी दस्तगीरच्या घरचा मलिदा अन् ऊद, मंग आमची पुरणाची पोळी. दस्तगीर शेख म्हंजे आमचा बांधशेजारी, माझ्याच वयाचा. मान पहिला त्याचा. का, ते गावातलं शेंबडं पोरबी सांगंल. औंदाबी आत्ताच झालं.

एवढंच हाय. जास्त मसाला घालू नको.

लिंबाजी


उस्मानाबाद
१८ सप्टेंबर २०२२

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार. कात्रण सोबत जोडलंय. पहिलं पान, आबा! मुक्तिसंग्राम दिनाला पहिलं पान मिळावं म्हणून आमच्याकडे माणसं वर्षभर तयारी करतात, मला तुमच्या एका पत्रात मिळालं.

मथळा वाचा: ‘छातीवर गोळी झेलली, पण पाऊल थांबले नाही! चिंचमाळचे विस्मृतीत गेलेले हुतात्मा बब्रुवान’. तुम्ही खांदा लिहिला होता. संपादकसाहेब म्हणाले, खांदा मथळ्यात शोभत नाही, छाती करा.

नाव तुम्ही दिलं नव्हतं. साहेब म्हणाले, अज्ञात चालणार नाही, अज्ञाताला वाचक रडत नाही. म्हणून आज्जीला विचारलं, मळा कुणाचा? म्हणाली, बब्रुवानतात्याचा. मग गोळी लागली त्यांच्याबद्दल विचारलं, तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, “लई गुणाचा व्हता रं.” झालं, दोन ठिकाणांहून खात्री झाली. पेपरात इतकी खात्री सहसा कुणी करत बसत नाही.

दस्तगीरचाचांच्या मलिद्याचा भाग काढावा लागला. साहेब म्हणाले, रझाकारांच्या बातमीत शेख चांगला निघाला तर बातमी कुणाच्या बाजूची तेच कळत नाही, वाचक गोंधळतो.

गावात काय प्रतिक्रिया आहे, जरूर कळवा.

आपला,
रणधीर


चिंचमाळ
२४ सप्टेंबर २०२२

रणधीर,

त्यो बैल व्हता.

पहिल्याच वळीत लिवतो, म्हंजे चुकायला जागा नको. बैल. नाव पाखऱ्या. पाय चार, शिंगं दोन. अरं, पोळ्याला निवद लिवला व्हता म्या. पोळा माणसाचा सण हाय का?

तुझ्या पेपरात माझा बाप अठ्ठेचाळीसला हुतात्मा झालाय. माझा जन्म एक्कावनचा. आता माझ्या आईबद्दल तुमच्या साहेबाचं काय म्हणणं हाय तेबी छापून टाका. बाप म्हातारा होऊन खाटंवर गेला, शहाऐंशी साली, हातात चहाची बशी व्हती. त्याला गोळी लागली ती फकस्त डाक्टरची.

अन् अक्का रडली ती बैलासाठी रडली. ती सवता त्या गाडीत कडब्याखाली व्हती, चार वर्साची. तिला फुडं इचारायचं व्हतं की, “कोण गुणाचा व्हता?” एवढं तीन शब्द इचारायला तुला काय झालं?

आता नीट ऐक. आमच्या बापाकडं एक बैल, दस्तगीरच्या बापाकडं, मौलालीकडं, एक बैल. जोडी कुणाचीच न्हाय. मंग वारंगुळा केलेला. म्हंजे दोघांचं बैल एका जुवाला, आज तुझं रान, उद्या माझं. रझाकार येणार म्हणून हाकाटी झाली तवा मौलालीनं गाडी जुंपली, आमची माणसं कडब्याखाली घातली, वर आपण बसला. शेख गाडी हाकतोय म्हणल्यावर कोण अडवतंय? वढ्यावर गोळी आली. ती रझाकाराची का हद्दीवरच्या आपल्या माणसाची, ते आजवर कुणाला ठावं न्हाय. पाखऱ्यानंबी इचारलं न्हाय. पाखऱ्या मौलालीचा. म्हणून मान त्याच्या घरचा पहिला.

हे झालं अर्धं. म्हैन्याभरानं मिल्ट्री आली, निजाम गेला, अन् दिवस फिरले. ज्यांनी कवा कुत्र्याला दगड मारला न्हाय ती माणसं शेखाचं घर हुडकत हिंडाय लागली. तवा आमच्या बापानं मौलालीचा समदा कबिला आमच्या धान्याच्या बळदात ठिवला, अन् दारात कुऱ्हाड घिऊन बसला. बापानं घिऊन बसलेली एवढीच लढाई. तीबी गावच्याच माणसासंगं.

दोन्ही अर्धं छाप. एका बैलावर गाडी हाकली तर ती जागच्या जागी गोल फिरती.

लिंबाजी


उस्मानाबाद
१२ ऑक्टोबर २०२२

तीर्थरूप आबा,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस ऑफिसात कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. आज्जी तर अजून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि ताटाकडे बघून म्हणते, “माणसाला बैल म्हणलेलं ऐकलं व्हतं. बैलाला माणूस केलेलं पहिल्यांदाच बघितलं.”

खुलासा छापून आणलाय. सातव्या पानावर, ‘हरवले आहेत’च्या खाली. मजकूर असा: ‘चिंचमाळ येथील स्मारक बैलाचे असल्याचा काहींचा दावा.’ मी ‘बैलाचे आहे’ असंच लिहून दिलं होतं. साहेबांनी ‘दावा’ घातला. म्हणाले, आपण बाजू घ्यायची नसते.

पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या, म्हणजे बळदाच्या अर्ध्याबद्दलही विचारलं. ते म्हणाले, सतरा सप्टेंबरला ते छापता येत नाही. मी म्हणालो, मग दुसऱ्या दिवशी छापू. तर म्हणाले, त्या विषयाला दिवसच नाही.

आणि आबा, राग मानू नका, पण त्या बातमीला विभागाचं बक्षीस मिळायचं चाललंय. आता मागे घेतली तर बातमी जाईल, बक्षीस जाईल आणि बहुतेक मीही जाईन. लोक विसरतात, थोडा धीर धरा.

आपला,
रणधीर


चिंचमाळ
१० मार्च २०२३

रणधीर,

पत्त्यावर धाराशिव लिवलंय. गेल्या म्हैन्यात नाव बदललं म्हणं. पोस्टमन त्योच हाय, तवा पोचंल.

लोक विसरत्यात म्हणलावतास. आमदार विसरला न्हाय. तुझं कात्रण लॅमिनेशन करून घिऊन आला. दगडाला लोखंडी कुंपण झालंय, कुंपणाला कुलूप, अन् आत दोन नळ्यांवर पत्र्याचा बोर्ड: ‘हुतात्मा बब्रुवान स्मारक’. समितीबी झालीय. सरपंच वीरभद्र अध्यक्ष.

म्या वीरभद्राला गाठलं. म्हणलं, “वीरभद्रा, तुझ्या आज्जानं पाखऱ्याचं दात बघितल्यालं. तुला ठावं न्हाय व्हय?”

म्हणला, “आबा, समदं ठावं हाय. पर बैलाला निधी मिळत न्हाय.”

“अन् माझा बाप?”

“त्यास्नी मिळतोय की. मळ्यापत्तूर डांबरी मंजूर झालीया. तुमाला नको असंल तर तुमी मातीतनं चाला.”

खोटं कशाला बोलू, डांबरी मलाबी पायजे.

पर खरी गोष्ट फुडं हाय. त्यो मान खाली घालून म्हणला, “दस्तगीरचाचाला पोळ्याला कुंपणात येऊ नका म्हणून सांगा. वरून माणसं येणार, पेपरवाले येणार. रझाकारानं मारलेल्या हुतात्म्याफुडं शेखानं ऊद जाळला, तर आमी त्यास्नी काय सांगायचं?”

“खरं सांगायचं.”

“लई लांबतंय आबा ते.”

म्या दस्तगीरला सांगायला गेलो. त्यो गोठ्यात शेण वढत व्हता. त्याला आधीच कळालेलं. “असू दे,” म्हणला, “मलिदा घरीच करीन अन् बैलाला घालीन.” अन् खराटा असा मारला की शेण माझ्या धोतरावर.

त्यात दुसऱ्याच एका मोबाइलवाल्या चॅनलचं पोरगं आलं. तुमचा खुलासा वाचून आलं म्हणं. त्यानं दस्तगीरला खाटंवर बसवलं, मागं पडकी भिंत बघितली. चांगली भिंत सोडून पडकी. अन् तुमी गाळलेलं मिल्ट्रीनंतरचं अर्धं घेतलं, तुमी छापलेलं अर्धं गाळलं. त्येच्यात रझाकार न्हाय, आमचा बाप न्हाय, बळद न्हाय, बैल तर न्हायच. नुसता दस्तगीर, अन् खाली रडकी पेटी वाजतीया. दस्तगीर बघून म्हणला, “तुझ्या बापाला मारून टाकलं, मला जिता रडवला. आपल्यात मज्जा कुणाची झाली रं?”

औंदाच्या पोळ्याला दस्तगीरचा मलिदा त्या दगडाला पयला लागला पायजे. मला दुसरं काय नको. तुझ्यामुळं बिघडलंय, तू नीट कर.

लिंबाजी


धाराशिव
२८ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप आबा,

नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला. काय लिहावं सुचत नव्हतं.

यंदा मुक्तिसंग्रामाची पंचाहत्तरी आहे. सतरा तारखेला धाराशिवात आमच्या पेपरचा कार्यक्रम आहे, त्यात हुतात्म्यांच्या वारसांचा सत्कार. तुमचं नाव यादीत पहिलं आहे. शाल, श्रीफळ आणि जायला-यायला गाडी. आबा, तुम्ही फक्त यायचं. बोलायचं काहीच नाही. जन्मसाल कुणी विचारणार नाही, मी तशी व्यवस्था केली आहे.

तुम्ही आला नाहीत तर साहेब मला विचारतील. पोळ्याच्या प्रश्नावर मी साहेबांशी बोललो. ते म्हणाले, तो स्थानिक प्रश्न आहे, आपण त्यात पडू नये.

आज्जी हे पत्र वाचून दाखव म्हणत होती. मी दाखवलं नाही.

आपला,
रणधीर


चिंचमाळ
१४ सप्टेंबर २०२३, पोळा

रणधीर,

त्यो बैल व्हता. ह्या वक्ताला बी.

हे पत्र वाशीच्या एसटीच्या कंडक्टराजवळ देतोय. तुझ्या हापिसात आणून देईल. हातातलं काम टाकून वाच. तुमच्याकडं दुसरंच काय तरी पोचलं असंल.

आज सकाळी वीरभद्र कुंपणाची किल्ली घिऊन आला. म्हणला, समितीचं ठरलंय, पयला मान हुतात्म्याच्या वारसाचा. म्या म्हणलं, वारस म्या हाय, पेपरात हाय. म्हणला, व्हय आबा, या. कुलूप काढलं. म्या दारात हुबा राहिलो अन् मागं वळून हाळी दिली, “दस्तग्या, ये रं!”

वीरभद्र कानाला लागला, “आबा, पेपरवाली पोरं हायत.”

म्या मोठ्यानं म्हणलं, “हुतात्म्याच्या पोराचा शब्द मोडतूस? लाज न्हाय वाटत?”

वीरभद्र दारातनं बाजूला सरला. पयल्यांदाच तुझ्या खोट्याचा उपेग झाला, ते तुला सांगायचं राहू नये म्हणून लिवतो.

दस्तगीर आला. एका हातात मलिद्याचं ताट, एका हातात कासरा, कासऱ्याला त्याचा बैल, झूल-बाशिंग घातलेला. बैलाचं डोस्कं दगडाला टेकवायची चाल हाय, पयल्यापासनं. त्यानं मलिदा ठिवला, ऊद जाळला. आमच्या हिनं पोळी ठिवली. बैलानं डोस्कं टेकवलं.

इथपत्तूर समदं बेस झालं. मंग बैलाला खाज सुटली. काल खांदमळणीला तूप-हळद लावल्याली, खांदा चुरचुरत असंल. समूर लोखंडाची नळी, बेताच्या उंचीची. त्यानं खांदा घासला. एकदा घासला, बोर्ड हालला. दुसऱ्यांदा घासला, बोर्ड बदकन् खाली. बुडाला शिमिट बोटभरबी न्हाय. निधीचं शिमिट कुठं गेलं त्ये तुझ्या पेपराला हुडकायला सांग. न्हायतर राहू दे, त्योबी स्थानिक प्रश्न हाय.

पर रणधीर, फिल्म काढणाऱ्या पोरांनी बैल कापला. बोर्ड पडल्याला, शिजारी दस्तगीर, हातात कासरा, एवढंच ठिवलं. कासरा बैलाला असतोय, तर बैल कुठाय हे इचारायची कुणाला बुद्धी न्हाय. दुपारच्याला समद्यांच्या मोबाइलवर: ‘हुतात्म्याच्या स्मारकाची विटंबना.’ पोलिसाची गाडी येऊन दस्तगीरचं नाव-गाव लिवून गेली. आता शेजारच्या गावची चार पोरं मोटारसायकली घिऊन मारुतीफुडं हुबी हायत. ती आपल्या गावची न्हाईत.

म्या दस्तगीरच्या दारात खाट टाकलीया. कुऱ्हाड घेतली न्हाय, मला आता ती पेलत न्हाय. काठी हाय.

उद्याच्या पेपरात काय यायचं त्ये तुझ्या हातात हाय. पयल्या वळीत बैल लिव. ‘दावा’ लिवू नको.

लिंबाजी


धाराशिव
१६ सप्टेंबर २०२३

आबा,

कंडक्टरने पत्र दिलं तेव्हा पान लागत होतं. मथळा तयार होता. कोणता, ते तुम्हाला माहीत आहे.

मी साहेबांसमोर तुमचं पत्र ठेवलं. म्हणाले, म्हातारा शेखाच्या प्रभावाखाली दिसतोय. मी म्हणालो, साहेब, हा म्हातारा हुतात्म्याचा सुपुत्र आहे, आपणच छापलंय. त्याला खोटं म्हणायचं तर आपला अंक खोटा होतो. साहेबांनी तयार मथळ्यावर काट मारली. मग म्हणाले, आत टाका, चार ओळी.

टाकल्या. चौथं पान, डावीकडे खाली:

‘बैलाने अंग घासल्याने चिंचमाळ येथील स्मारकाचा फलक पडला. हा बैल गावातील शेतकरी दस्तगीर शेख यांचा आहे. फलकाचा पाया कच्चा होता. स्मारक ज्याचे आहे तोही बैलच होता.’

शेवटची ओळ साहेबांनी वाचली नाही. ते तोवर फोनवर होते.

काल सकाळी छापून आल्यावर वाचली. मला बाजारभावाच्या पानावर टाकलंय. उद्यापासून वाशीच्या आडतीत सोयाबीन कितीला गेलं ते छापायचं. तिथे सोपं आहे, एक रुपया इकडचा तिकडे झाला तर शेतकरी ऑफिसात येऊन कॉलर धरतात.

उद्याच्या कार्यक्रमातून तुमचं नाव काढलंय. शाल राहिली.

आज्जीने बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि आज माझ्याकडे बघून भाकरी वाढली.

दस्तगीरचाचा कसे आहेत?

तुमचा,
रणधीर


चिंचमाळ
२५ सप्टेंबर २०२३

चि. रणधीर,

आशीर्वाद. अक्काला नमस्कार.

दस्तगीर बरा हाय. बातमी आली त्या दिशी वीरभद्रानं सवता ती मारुतीफुडं मोठ्यानं वाचली. त्याला बैलाचं काय पडलं न्हाय, पर ‘पाया कच्चा’ म्हणून छापल्यालं अन् ठेका त्याच्या मेव्हण्याचा. म्हणून ती वळ गिळली अन् बाकीची अशी वाचली, जणू समदी चूक बैलाची हाय, कुणा माणसाची न्हाय. मोटारसायकलीवाली पोरं ऐकून थोडी हसली, थोडी शरमली, अन् गेली. बैलावर राग काढता येत न्हाय. पोलिसबी फिरून आलं न्हाईत.

बोर्ड अजून पडल्यालाच हाय. उचलायला निधी यायचा हाय म्हणं. त्यात काय लिवायचं यावर समितीची बैठक व्हणार हाय. होऊ दे. कुलपाची किल्ली आता आमच्या घरी खुंटीला हाय, वीरभद्रानंच आणून दिली. फुडल्या पोळ्यालाबी मलिदा पयला.

डांबरी झाली. तुझ्या खोट्यानं झाली, म्हणून म्या पयलं चार दिवस बांधानं चाललो. मंग चिखलात पाय घसरला, तवापास्नं डांबरीनंच चालतो.

शाल राहिली म्हणून वाईट वाटून घिऊ नको. दस्तगीर म्हणतोय, पाखऱ्याची झूल तेवढी खरी.

तुझी चार वळींची बातमी त्यानं कापून गोठ्यात लावली व्हती, बैलाच्या तोंडासमूर, दावणीच्या वर. म्हणला, हे त्याचं हाय, त्याला बघू दे. दुसऱ्या दिशी सकाळी जाऊन बघतो तर कागूद न्हाय. बैल रवंथ करत बसल्याला.

तुझी बातमी पचलेला पयला वाचक भेटला बघ.

लिंबाजी